पूर्वजांच्या हंड्यात मीठ

जमैकाच्या डोंगरातल्या आमच्या गावात दर जानेवारीत पूर्वज जेवायला येतात. उसाच्या मळ्यांतून पळून इथं लपलेले, आणि पुढं इंग्रजांनाच तहाला बसवणारे. त्यांच्यासाठी काळा डुक्कर शिजतो, बिनमिठाचा. ते जेवेपर्यंत हंड्यातलं कुणी चाखायचं नाही.

हंडा चार पिढ्या थॅडियसच्या घरात. बाप वारल्यावर यंदा त्याची पहिलीच पाळी. त्याआधी एकोणीस वर्षं तो हॉटेलात गोऱ्या पाहुण्यांसाठी रांधत होता. शेजारच्या चुलीवर आमच्या न्याहारीची पालेभाजी, मध्ये मिठाचा वाडगा. माझ्याशी बोलता बोलता त्यानं चिमूट उचलली.

"थॅडी, मीठ कुठं टाकलंस?"

"भाजीत."

"मला हात हंड्याकडे गेलेला दिसला."

"काका, तुमचा मोतीबिंदू पिकलाय."

तो हसला. मग थांबला. भाजी चाखायला बंदी नव्हती. त्यानं चाखली.

"अळणी आहे," तो म्हणाला.

तेवढ्यात खाली पूर्वजांना जेवायला बोलावणारं शिंग वाजलं. मी तीनदा उठलो, तीनदा बसलो. दुसरा काळा डुक्कर गावात नव्हता.

"गप्प बस," मी म्हटलं. "पूर्वजांनी आजवर तक्रार केलेली नाही."

"त्यांना फसवायचं तेवढं राहिलं होतं."

"हंडा जाईल तुझ्या घरातून!"

ऐकायला तो होताच कुठं? हंड्यातला डाव घेऊन तो थेट गावच्या प्रमुखाकडे, कर्नलकडे निघाला होता. मागून मी, धापा टाकत.

कर्नलनं सगळं ऐकलं, डाव काढून घेतला. "हंडा पाहुण्यांच्या मांडवात जाऊ दे. पूर्वजांना भाजलेले कंद. आणि वर थडग्यांपाशी तू एकटा जाशील. तूच सांगशील."

तो तासभर आला नाही. मांडवात राजधानीहून आलेले मंत्रिमहोदय तिसऱ्यांदा वाढून घेत होते. इतकं चविष्ट कधी झालं नव्हतं म्हणे.

थॅडियस आला. कर्नलनं विचारलं, "काय म्हणाले?"

"विचारत होते, डुक्कर कुठंय. म्हटलं, सरकारनं खाल्ला."

"मग?"

"म्हणाले, अजून तेच चाललंय का?"

कर्नल हसला नाही. त्यानं टोपी काढली, डोकं खाजवलं, आणि डाव थॅडियसच्या हातात परत ठेवला.

"पुढच्या वर्षी भाजी दुसरं कुणीतरी करेल."