चिंबोरीचा आवाज

"चिंबोरीच होती. कासव कोण म्हणतो?" फर्डिनंड अंकलनी चष्मा कपाळावर सरकवला. "लाल मोजा होता, त्याला कोटाची दोन बटणं डोळे म्हणून लावलेली. कॅमेरा स्टँडवर चालू ठेवून बगळा मी झालो होतो. हात वर धरून धरून आठवडाभर खांदा दुखत होता माझा."

शर्लीच्या जिवात जीव आला. म्हणजे ती व्हिडिओ कॅसेट खरंच होती. आपल्या डोक्यातून निघालेली नव्हती.

ही शर्ली गोखिवऱ्याच्या एका कारखान्यात प्लास्टिकच्या झाकणांची तपासणी करते. दिवसभर झाकणं बघायची, वाकडी बाजूला टाकायची. असं काम करणाऱ्या बाईच्या डोक्यात एकदा एखादी गोष्ट शिरली की ती निघत नाही. गेलं वर्षभर तिच्या डोक्यात ही चिंबोरी होती. घरी जायला तयार नसलेली, बगळ्याशी भांडणारी लाल चिंबोरी. लहानपणी टीव्हीसमोर बसून ती कॅसेट तिने किती वेळा पाहिली त्याला गणती नाही, पण नाव आठवत नव्हतं, शेवट आठवत नव्हता. वसईकरांच्या फेसबुक ग्रुपवर तिने विचारलं. एक म्हणाला, दूरदर्शनवर लागायचं. दुसरी म्हणाली, चिंबोरी कुठली, कासव होतं. तिसऱ्याने कुठल्याशा जपानी खेकड्याच्या कार्टूनची लिंक पाठवली आणि वर 'धन्यवाद म्हणा' असंही लिहिलं. "एवढं काय त्या खेकड्यात?" असं नवरा ॲलिस्टर विचारायचा. शर्ली त्याला धड उत्तर द्यायची नाही.

कारण सांगायची तिला भीती वाटायची. तिला वाटत होतं, त्या चिंबोरीचा आवाज मम्मीचा होता.

मम्मी, म्हणजे ज्युली, शर्ली सहा वर्षांची असताना काविळीने गेली. एकोणतिसाव्या वर्षी. फोटो होते, लग्नाचा तर भिंतीवर होता. आवाज मात्र कुठेच नव्हता. कोणाचा आवाज जपून ठेवायचा असतो हे तेव्हा कोणाला सुचणार होतं? शर्लीच्या मनात मम्मीचा एक आवाज होता, जाडसर, शांत, झोपवताना येणारा. तो एकदा, फक्त एकदा, बाहेरून ऐकायचा होता. त्यासाठी ग्रुपवरच्या एका म्हातारीने दिलेल्या नावावरून ती चर्चमधली रविवारची मिस्सा संपल्यावर आगाशीला फर्डिनंड अंकलच्या ओटीवर येऊन बसली होती. अंकल एके काळी अख्ख्या पट्ट्यातल्या लग्नांचं शूटिंग करायचे.

"आणि चिंबोरीचा आवाज?" तिने विचारलं.

"ज्युलीचा. दुसऱ्या कोणाचा? रविवारच्या धर्मशिक्षणाच्या पोरांसाठी तिनेच ते मोज्यांच्या बाहुल्यांचे खेळ बसवले होते. पडद्याला तिच्याच घरची चादर." अंकल हसले आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघून हसायचे थांबले. "अगं, म्हणजे तू ज्युलीची पोरगी."

"हो अंकल. ती कॅसेट आहे का तुमच्याकडे?"

अंकल उठून आत गेले आणि दोन्ही हातांवर कॅसेटींचा ढीग घेऊन आले. सगळ्या कॅसेटींच्या खिडक्यांतून पांढरी बुरशी दिसत होती. त्यांनी तो ढीग उगाच खाली ठेवला, उगाच सरळ केला.

"यात नाही ती," ते म्हणाले. "एकच होती, ती तुमच्या घरी दिलेली. पोरं काहीबाही बटणं दाबतात म्हणून मागचं प्लास्टिकचं कानवं मी स्वतः मोडलेलं. ते मोडलं की कॅसेटवर दुसरं काही भरता येत नाही."

"मग ती गेली कुठे?"

"तुला खरंच काही आठवत नाही?"

शर्लीने मान हलवली.

अंकलना सांगायचं नव्हतं हे दिसत होतं, पण बाई उठणार नाही हेही त्यांना कळलं असावं. "तुझे पप्पा मस्कतला. कंपनीने पासपोर्ट धरून ठेवलेला, येऊ शकत नव्हते. तेव्हा आपल्याकडे पद्धतच होती, बाहेरगावच्या माणसाला निदान शेवटचं तोंड तरी दिसावं म्हणून मयताचं शूटिंग करून पाठवायचं. मला निरोप आला तसा कॅमेरा घेऊन धावलो. माझ्याकडची शेवटची कॅसेट आदल्या दिवशीच्या लग्नात संपलेली, आणि दुकान उघडायला थांबलो असतो तर मिस्सा निघून गेली असती. तुझी अँजेलिना मावशी म्हणाली, घरात एखादी कॅसेट आहे का बघा रे कोणीतरी." अंकलनी चष्मा काढून हातात घेतला. "तू टीव्हीखालून काढून आणलीस. दोन्ही हातांनी धरून. बहुतेक तुला वाटलं, सगळी रडतायत म्हणून चिंबोरी लावणार असतील."

शर्लीने आपल्या दोन्ही हातांकडे बघितलं.

"मी बघितलं कुठली ते. पण शवपेटी उचलायची वेळ झालेली, बाय. मोडलेल्या जागी चिकटपट्टी लावली, म्हणजे परत भरता येतं, आणि चिंबोरीवरच मयत भरलं. ते पाप माझं. तू लहान होतीस."

अंकलनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग एकदम म्हणाले, "मयत अर्ध्या तासाचं. मातीनंतर मी कॅमेरा बंद केला. चिंबोरीची गोष्ट त्याहून लांब होती. तुझ्या पप्पांनी पुढे काही भरलं नसेल, तर शेपूट राहिलं असेल."

अंकलनी आपला व्हीसीआर स्पिरिटने पुसून, जुन्या टॉवेलात गुंडाळून तिच्या मांडीवर दिला. रिक्षात बसली तेव्हा तिला वाटलं, आपण एखादं आजारी मूल घेऊन चाललोय.

पप्पा, म्हणजे बर्नार्ड, वाडीतल्या घरी एकटेच राहतात. सत्तरी झाली तरी केळींना पाणी स्वतः घालतात. मुलीच्या हातातलं यंत्र बघून त्यांनी नळी खाली ठेवली. शर्लीने उभ्याउभ्याच सगळं सांगितलं. पण कॅसेट कोणी आणून दिली तेवढं काही तिच्या तोंडून निघालं नाही.

"हाय कॅसेट," पप्पा म्हणाले. "ट्रंकेत. डांबरगोळ्या घालून ठेवली हाय."

"पुढे काही भरलंत का त्यावर?"

"तिच्यावर कोन भरनार?" ते जवळजवळ रागावलेच.

"तुम्ही शेवटपर्यंत बघितली होती?"

पप्पांनी हात धुतले, पुसले. "मस्कतला दर वर्षी बघायचो, तिच्या तारखेला. माती टाकायला घेतली की बंद करायचो. फुडं काय बघायचं?"

या माणसाने इतकी वर्षं दर खेपेला बायकोला पुरलं आणि बटण दाबलं. दोन मिनिटं थांबला असता तर.

तिने तिन्ही रंगांच्या वायरी टीव्हीला लावल्या. कॅसेटच्या पाठीवरची चिकटपट्टी अजून तिथे होती, पिवळी पडून कडक झालेली. चित्र आधी थरथरलं, मग आलं. बायकांचे पदर, पेटी, फुलं, तरुण अँजेलिना मावशी आणि तिच्या बोटाला धरलेली पांढऱ्या फ्रॉकमधली एक मुलगी, जी सारखी कॅमेऱ्याकडे बघत होती. सगळे पेटीकडे बघत होते आणि ती कॅमेऱ्याकडे. चिंबोरी कधी लागणार याची वाट बघत असणार, दुसरं काय. शर्लीने खाली बघितलं. पप्पा एकटक पाहत होते, आणि सिमितरीचं, म्हणजे दफनभूमीचं, फाटक दिसताच त्यांचा हात सवयीने रिमोटकडे गेला.

"राहू दे पप्पा. या वेळी राहू दे."

मूठमूठ माती पडली. फादरांची प्रार्थना संपली. चित्र फाटलं, टीव्हीभर रेघा धावल्या, आणि मध्येच तोडलेल्या वाक्यासारखी लाल चिंबोरी वर आली.

"...म्हनून नाय जायचं मला घरी. घरी गेले की आई खसाखसा घासते. पोरांनो, तुमीच सांगा. जाऊ की नको?"

चिंबोरी पोरांच्या उत्तरासाठी थांबली. कुठूनतरी चार-पाच पोरं ओरडली, "जा!"

"बरं बाबा, जाते." चिंबोरी खाली गेली. चादर हलली. चादरीमागून कोणीतरी फस्सकन हसलं आणि बारीक, थोड्या नाकातल्या आवाजात म्हणालं, "झालं ना? फर्डिनंड, बंद केलंस का? चालूच हाय बघ तुझं मशीन."

मग निळा पडदा.

"ज्युली," पप्पा म्हणाले. हाक आल्यावर ओ द्यावी तसं. मग त्यांना रडू फुटलं. शर्लीने पप्पांना रडताना कधी पाहिलं नव्हतं, ते मस्कतहून आले त्या दिवशीही नाही. "हसताना नाक असंच वाजायचं तिचं. मी चिडवायचो. इसरलोच होतो बघ मी. कसा इसरलो?"

शर्ली निळ्या पडद्याकडे बघत राहिली. तो आवाज तिने आयुष्यात कधी ऐकला नव्हता. कुठल्यातरी तरुण, हसऱ्या, तिच्याहून दहा-अकरा वर्षांनी लहान बाईचा आवाज होता तो, आणि रस्त्यात कानावर पडला असता तर तिने मागे वळूनही पाहिलं नसतं. तिच्या मनात होता तो जाडसर, शांत, झोपवताना येणारा आवाज अँजेलिना मावशीचा होता. मयतानंतर तिला मावशीनेच झोपवलं होतं. तेहतीस वर्षं ती मावशीचा आवाज मम्मीचा म्हणून जपत आली होती, आणि मम्मीचा तिच्याकडे कधी राहिलाच नव्हता. तिला ओरडून रडावंसं वाटलं.

पप्पांनी बाहीने डोळे पुसले आणि तिच्याकडे वळले. त्यांचा चेहरा इतका उजळला होता की तिला बघवेना.

"ओळखलास ना बाय, मम्मीचा आवाज?"

"ओळखला," शर्ली म्हणाली. "लगेच ओळखला."

"लाव. परत लाव. चिंबोरीपासून."

तिने कॅसेट मागे घेतली, मातीच्या पुढे आणून थांबवली. मग खुर्चीवरून उतरून टीव्हीच्या अगदी जवळ, खाली फरशीवर मांडी घालून बसली. चिंबोरी बोलू लागली तशी ती एकेक शब्द ओठांतल्या ओठांत म्हणू लागली, तो आवाज पाठ व्हावा म्हणून.