मेंढपाळ पुढे, गॅडिस मागे

मी पंखा बोलतोय. छताला टांगून गरगरणारा नव्हे. पुठ्ठ्याचा, लाकडी दांडीचा, हातानं हलवायचा. माझ्या पुढच्या अंगावर खांद्यावर कोकरू घेतलेला मेंढपाळ आहे आणि मागच्या अंगावर जाहिरात: 'गॅडिस आणि पुत्र. अंत्यविधीची चोख व्यवस्था. आम्ही कुणाला ताटकळत ठेवत नाही.' मिसिसिपीतल्या आमच्या गावात चर्चला पंखे फुकट पुरवायचे ते हेच गॅडिस. उकाड्यानं जीव जायची वेळ आली की नेमका त्यांचा पत्ता हातात.

मी लुविनियाबाईंच्या वाट्याला आलो. पहिल्या बाकावरची त्यांची जागा पाद्रीबुवांच्या खुर्चीपेक्षा पक्की होती. आमच्याकडे गाणाऱ्याला दाद बसल्या जागेवरून मोठ्यानं देतात आणि तिचे शब्द ठरलेले आहेत. गाणारा मनापासून गाताना गळा भरून येऊन अडला, तर म्हणायचं, 'सावकाश, बाळ.' सूर सोडून भलतीकडे निघाला, तर 'देवा, याला सांभाळ.' ऐकायला प्रार्थना, पण गाणारा आठवडाभर तोंड लपवतो. लुविनियाबाईंनी भल्याभल्यांना असं देवाच्या हवाली केलं होतं.

त्यांची मुलगी ओडेसा. आवाज खर्जातला, काकवीसारखा दाट. सगळं चर्च तिला 'सावकाश, बाळ' म्हणायचं. आई मात्र ओठ मिटून मला हलवत राहायची. घरच्या पोरीचं कौतुक केलं की ती बिघडते, असं बाईंचं मत. पोरगी कौतुकावाचूनही बिघडली. चर्च सोडून गुत्त्यांतली ब्लूज गाणी गायला मेम्फिसला निघाली.

"सैतानाच्या दारात गायचं तर गा," आई म्हणाली. "माझं पाऊल तिथे पडणार नाही."

ओडेसानं कपड्यांची पेटी उचलली आणि जाता जाता टेबलावरून मलाही. आईचं काहीतरी जवळ हवं होतं तिला.

मग आम्हा दोघांचं नाव झालं. दिव्यांच्या उष्म्यात ती गायची आणि मी वारा घालायचो. पियानोवाला क्लिओफस तेवढा माझ्यावर खार खाऊन होता. जाहिरात त्याच्याकडे वळली की त्याची बोटं अडखळायची. "मेंढपाळाकडून वारा घे, बाई," तो म्हणायचा. "गॅडिसच्या वाऱ्यानं मला हुडहुडी भरते."

रेकॉर्डी निघाल्या. जॅझवाल्या मोठ्या ताफ्याबरोबर दौरे झाले. दोन लग्नंही झाली, दोन्ही ड्रमवाल्यांशी; मंचावर ताल न चुकणारे ते दोघे घरी एकदाही वेळेवर आले नाहीत. कुणीतरी शहामृगाच्या पिसांचा पंखा भेट दिला, तो तिनं शिंकत परत केला. मला फार बरं वाटलं. लोक तिच्यासाठी खुर्च्यांवर उभे राहायचे. पण खोलीत आली की ती मला गालाशी धरून म्हणायची, "आईनं एकदा तरी 'सावकाश, बाळ' म्हणायला हवं होतं रे."

ती पन्नाशीला आल्यावर गावानं तिला बोलावलं. शाळेच्या पटांगणात मांडव, भर दुपार, तळलेल्या मासळीचा वास. पहिल्या रांगेत चर्चची टोपी घालून लुविनियाबाई बसलेल्या. शेजारणीला त्यांनी स्वतःहून सांगितलं, की आपण गाणं ऐकायला नव्हे, पंखा परत न्यायला आलोय.

ओडेसानं तोंड उघडलं आणि आई दिसली. गळा बंद. क्लिओफस तेच ते सूर पुन्हा पुन्हा वाजवत राहिला.

"देवा, हिला सांभाळ," लुविनियाबाई खणखणीत म्हणाल्या.

अख्खा मांडव हसला. ओडेसालाही हसू फुटलं, आणि हसता हसता गळा सुटला. विरहाचंच गाणं ते, चर्चमध्ये न चालणारं. तिसऱ्या ओळीवर तिचा आवाज पुन्हा अडला. या वेळी कुणी हसलं नाही.

"सावकाश, बाळ," आई हळूच म्हणाली.

ती ओळ ओडेसा त्याआधी इतकी जीव ओतून कधीच गायली नव्हती. मी साक्षीला आहे.

बोलल्याप्रमाणे बाई मला घरी घेऊन गेल्या, आणि काही वर्षांनी माझ्यामागोमाग ओडेसाही आली. आता माझी दांडी दोऱ्यानं बांधलेली आहे, मेंढपाळाचं नाक झिजलंय. तुमच्याकडे असा जुना पंखा असेल तर टाकू नका. त्यानं बरंच ऐकलेलं असतं.

लुविनियाबाई नव्वदीत, अंथरुणावर. ओडेसा गुणगुणत मला हलवते. काल जाहिरात त्यांच्या डोळ्यांसमोर आली. त्यातली 'आम्ही कुणाला ताटकळत ठेवत नाही' ही ओळ त्यांनी दोनदा वाचली.

"त्या गॅडिसला सांग," त्या म्हणाल्या, "सावकाश, बाळ."