मधली रांग

शीलानं चपलेतलं पाऊल गाडीच्या पोटाखाली नेऊन हवेत हलवलं. दार उघडलं नाही. तिनं पुन्हा हलवलं, जरा जोरात, ओट्यावर चढलेली कोंबडी हाकलावी तसं.

"ताई, ही जुनी गाडी," शोरूममधली रविना हसू दाबत म्हणाली. "पाय दाखवला की उघडणारं दार नव्या गाडीत येणार. ही नुसती अंदाज यावा म्हणून उभी केलीय."

"खालतीन कुत्रं गयं तरी उघडी का ते?" भिलाआबांनी विचारलं.

"नाही काका. चावी जवळ असेल तरच."

"म्हनजे कुत्रानी चावी संभाळाले पाह्यजे."

कुंदन मोठ्यानं हसला. वडिलांच्या विनोदाला तो नेहमी एक क्षण आधीच हसायचा. शीला पदराआड हसली आणि त्याच्या, नवऱ्याच्या, मागं जाऊन उभी राहिली.

रविनाच्या हातात छापील अर्ज होता. नवी गाडी दिवाळीच्या सुमारास बाजारात येणार होती. तोवर तिचा एकच फोटो, भिंतीवर, अर्धा अंधारात ठेवलेला. पण आत्ता नाव नोंदवलं तर हवं ते जोडून मिळणार होतं. एकेका ओळीपुढं दोन चौकटी. एकीत खूण करायची, दुसरी सोडून द्यायची.

दार. विजेवर सरकणारं ☑ साधं ☐

पायरी. बाहेर येणारी ☐ स्थिर ☐

या ओळीसाठीच शीलाला शहाद्याहून आणलं होतं. सासूबाई जमनाबाईंचे गुडघे धरलेले. पायरी किती उंच ते पाहून ये, असं त्यांनी सकाळीच बजावलं होतं. शीला वाकली आणि जुन्या गाडीच्या पायरीपासून फरशीपर्यंत हात धरून मोजलं. दोन विती, वर चार बोटं. तिनं कुंदनच्या कानाशी काही म्हटलं.

"आबा, उंच व्हई म्हनस मायले," कुंदन म्हणाला.

"बेटा," आबा रविनाला म्हणाले, "बाहेर येनारी लिख."

हे असंच चालायचं. गेल्या एकवीस वर्षांत भिलाआबा शीलाशी थेट एक शब्द बोलले नव्हते, आणि शीला त्यांच्याशी. भांडण नव्हतं. सासरा आणि सून यांच्यामध्ये कुणीतरी असावं, एवढीच त्या घरची रीत. आबांना सांगायचं असेल ते कुंदनला सांगायचे, नाहीतर जमनाबाईंना, दोघं नसतील तर समोरच्या भिंतीला. एकदा शीलाला ताप भरला होता, तेव्हा ते अंगणात उभे राहून म्हशीला म्हणाले होते, "आज दवाखानामा जानं पडी. रिक्षा सांगेल शे." आणि म्हशीनं नाही, पण शीलानं चपला घातल्या होत्या. तिचे निरोपही त्याच वाटेनं परत जायचे. मोठ्या निरोपांची वाट कुंदन. एवढ्या वर्षांत त्या वाटेवर काही हरवलं असेल असं तिच्या मनात आलं नव्हतं.

रविनाला ते पाचव्या ओळीपर्यंत कळलं. ती धडगावकडची. घरची बोली पावरी, अहिराणी बाजारात शिकलेली, मराठी शाळेत. मधली माणसं तिला ओळखता येत.

हवेची जाळी. साधी ☐ बारीक धूळ अडवणारी ☑

(ही खूण रविनानं न विचारताच केली. माघाचे दिवस, नंदुरबारच्या पथाऱ्यांवर मिरची वाळत होती, आणि कुंदन आल्यापासून सातव्यांदा शिंकत होता.)

मागच्या रांगेवर कॅमेरा. हवा ☐ नको ☐

"म्हणजे मागं कोण काय करतंय ते पुढच्या पडद्यावर दिसतं," रविना म्हणाली. "लहान मुलं असतील तर बरं पडतं."

"लिखी टाका," कुंदन म्हणाला. "मांगे काय चालू शे ते समजी."

शीलाच्या डोळ्यांपुढं तो पडदा आला. मागं ती, जाऊ मीनाबाई आणि सासूबाई, पदर सैल करून, पाय वर घेऊन, शेंगा सोलत, आणि पुढं बसलेल्या पुरुषांसमोर ते सगळं, तळहाताएवढं. कुंदन शिंकत होता म्हणून ती रविनाकडं सरकली.

"आबांना सांगा, कॅमेरा नको."

"काका, ताई म्हणतात कॅमेरा नको."

आबांनी क्षणभर विचार केला. "खरं शे. बाईमानूस बसस मांगे. नको लिख."

शीलाला बरं वाटलं. निरोप गेला, उत्तर आलं, मध्ये कुणाची भर नाही, कुणाची घट नाही. इतक्या लवकर उत्तर येतं हे तिला माहीत नव्हतं.

मधली रांग. सलग बाक, एकूण आठ माणसं ☐ दोन सुट्या खुर्च्या, एकूण सात माणसं ☐

"खुर्च्या आरामाच्या," रविना म्हणाली. "हात टेकायला जागा, पाय लांब करायला फळी. पण एक माणूस कमी बसतं. घरात किती जण?"

शीलाला बोटांवर मोजायची गरज नव्हती. आबा, सासूबाई. कुंदन आणि ती. दीर गोपालभाऊ, मीनाबाई. तिची मुलं रिना, पवन. आठ. तिला तर वाटलं, ही ओळ विचारण्यासारखीच नाही.

"सात," आबा म्हणाले. "खुर्चीच लिख."

रविनानं पेन टेकवलं.

शीलाची नजर पेनाच्या टोकावर थांबली. सात कसे? सासूबाई? गेल्या महिन्यात सुरतेच्या दवाखान्यात नेलं होतं त्यांना, गुडघ्यांसाठी असं सांगून. गुडघ्यांसाठीच ना? की गोपालभाऊ वेगळे निघणार? मग सहा व्हायला हवेत. सात का?

"आठ नाही का काका? आधी तुम्ही आठ म्हणाला होतात, फोनवर."

"गाडी दिवाळीले ई ना? तव्हय आमी सातच ऱ्हासूत. नात वैशाखमा तिना घर जाई. निझरना सोयरा शेतस. शब्द दिधा."

"अरे वा!" रविनाचा चेहरा फुलला. ती वळली आणि शीलाचा हात हातात घेतला. "अभिनंदन ताई! मुलीचं लग्न!"

तो हात गरम होता. शीलाला तेवढंच कळलं. रविनाच्या नखांवर फिकट गुलाबी रंग होता, अंगठ्यावरचा उडालेला, आणि कुठंतरी पंखा फिरत होता. आणि आपला हात आपण मागं घ्यायला हवा

वैशाख. ☐

रिना. तिसरं वर्ष ☑ चौथं वर्ष ☐

रिनाच्या आईला सांगितलं ☐ सांगितलं नाही ☐

या ओळी अर्जात नव्हत्या.

रविवारी रिनाचा फोन आला होता. धुळ्याच्या वसतिगृहातून. नर्सिंगचं शेवटचं वर्ष जूनपासून, आणि त्या वर्षी वॉर्डात एकटीची पाळी मिळते म्हणाली, मम्मी, एकटीची, बाई मागं उभी राहत नाही. निझरचं नाव तिनं काढलं नव्हतं. म्हणजे तिलाही ठाऊक नव्हतं.

शीलानं हात सोडवला. कुंदन जुन्या गाडीच्या चाकाशी बसला होता आणि अंगठ्यानं टायर दाबून पाहत होता. ही गाडी घ्यायची नव्हतीच.

"आठ लिहा," ती रविनाला म्हणाली.

रविना गोंधळली. "ताई?"

"आबांना सांगा. बाक. आठ."

"काका, ताई म्हणतात, आठ."

आबा हसले. "तिले सांग, आंडेर काय गाडीकरता माहेर ऱ्हाई का?"

"ताई, काका म्हणतात, मुलगी गाडीसाठी..."

"ऐकलं मी."

हे तिनं कधी म्हटलं नव्हतं. एकवीस वर्षं ती चार हात अंतरावर उभी राहून सगळं ऐकत आली होती आणि कुणीतरी पुन्हा सांगेपर्यंत ऐकलं नाही असं वागत आली होती.

"त्यांना सांगा, रिनाचं एक वर्ष बाकी आहे. ते होईपर्यंत लग्न नाही. मला कुणी विचारलेलं नाही."

रविनानं पेन खिशाला लावलं. मग पुन्हा काढलं. तिनं तिन्ही वाक्यं आबांना सांगितली, शेवटचं अगदी हळू.

आबांचं हसू गेलं. राग आला नाही. हिशेब चुकल्यासारखं ते फरशीकडं पाहत राहिले.

"तिले सांग," ते सावकाश म्हणाले, "मी इचारं व्हतं. पहिले तिलेच इचारं. तिना हो उना, मंग मी शब्द दिधा. मायना हो नही ते मी आंडेरना शब्द देस नही."

शीलाला ते ऐकू आलं, पण एखाद्या रस्त्यावरच्या आवाजासारखं. मग रविना वळली, तिच्या तोंडून तेच स्वच्छ शाळेच्या मराठीत आलं, आणि या वेळी त्यातला एकेक शब्द वेगळा उभा राहिला.

"ताई, काका म्हणतात, त्यांनी आधी तुम्हाला विचारलं होतं. तुमचा होकार आला, मगच त्यांनी शब्द दिला."

"माझा?"

टायरवरचा अंगठा थांबला.

"आबा, घर जाईसन बोलूत," कुंदन उठत म्हणाला. "आठे कसाले..."

"तू बुधवारे ओटावर काय सांगं माले?"

"आबा, लोक देखी ऱ्हायनात."

"काय सांगं?"

"ती..." कुंदननं शीलाकडं पाहिलं. त्यात कसलाच कावा नव्हता. बाजारातून एक वस्तू आणायची राहिली, एवढंच होतं. "ती कव्हय नही म्हनस का, आबा? म्हनीसन मीच सांगी टाकं. तिले सांगनारच व्हतू. आज, जाता जाता."

टोपी काढून त्यांनी मांडीवर आपटली, मिरचीची धूळ झाडावी तशी, आणि परत घातली. मग रविनाकडं वळले.

"बेटा, याले सांग. जराखा बाहेर उभा ऱ्हाय."

कुंदन त्यांच्यापासून दोन हातांवर होता.

रविनानं आबांकडं पाहिलं, शीलाकडं पाहिलं. मग तिला जे काम दिलं होतं ते तिनं केलं. "दादा, काका म्हणतात, तुम्ही जरा बाहेर थांबा."

कुंदन हसला. एकटाच. मग काचेचं दार ढकलून गेला. उघड्या दारातून मिरचीचा खकाणा आत आला आणि रविना तोंडावर ओढणी धरून टेबलामागं जाऊन बसली. अर्ज तिनं पालथा ठेवला.

आबांनी एक खुर्ची ओढली. शीलाच्या समोर. बसले. त्यांचे डोळे घारे होते, हे तिला आज कळलं.

"सांग," ते म्हणाले. पुढं काय हाक मारायची ते त्यांना सुचेना. इतकी वर्षं ती त्यांच्या तोंडी 'रिनानी माय' होती, आणि ते नाव दुसऱ्याशी बोलताना घ्यायचं असतं, समोर नाही. "मी निझरले फोन करसू. पन तू सांग. तुन्हा तोंडे."

रिनाबद्दलचं उत्तर तिच्या ओठांवर होतं. ते द्यायला श्वासही लागला नसता. पण त्याच्या मागं काहीतरी दुसरं येऊन उभं राहिलं होतं, आणि एकटं नव्हतं. लग्नानंतरच्या पहिल्या जूनला तिनं डी.एड.चा अर्ज भरला होता. आबा नही म्हनतस, असं कुंदननं आणून सांगितलं होतं, आणि तिनं कागद पेटीत ठेवला होता. तिच्या तळोद्याच्या भावानं शेतावरचा हक्क सोडायला सांगितलं. आबास्ना इच्यार शे, सही करी दे. अंगणवाडीची जागा निघाली तेव्हा. तिच्या मोठ्या ऑपरेशनला तिचा हो कळवला तेव्हा, ती तर बेशुद्ध होती. प्रत्येक वेळी एक माणूस तिच्याकडून ओट्यावर गेला होता आणि ओट्यावरून तिच्याकडं आला होता, हसतमुख, हात पुसत.

काचेबाहेर कुंदन उन्हात उभा होता. कुणाशी तरी फोनवर बोलत मान हलवत होता. हो, हो, हो.

तिनं पदर नीट केला नाही. आवाज फार मोठा निघाला.

"आबा, याना पहिले मी कोठे कोठे हो म्हनेल शे?"