घराला जर्मन येत नाही

कार्डाचा एक कोपरा घामानं मऊ पडला होता — हातमोज्यांच्या रिकाम्या खोक्याचा पुठ्ठा कापून तिनं ही कार्डं केली होती, एका बाजूला जर्मन शब्द, दुसऱ्या बाजूला मराठी — आणि एप्रनच्या खिशात हात घातला की नेमकं हेच बोटांना लागायचं. न बघताही कळायचं. श्टेर्बन. मागं लिहिलेलं: मरणं.

बाकी दोनशे कार्डं होती की. ती का नाही लागत हाताला?

परवा जर्मनची तोंडी परीक्षा. पास झाली तर सुकन्या लातूरच्या ह्या दवाखान्यातून थेट जर्मनीतल्या दवाखान्यात जाणार होती. नाही तर आणखी सहा महिने हेच. क्लासचे राजशेखर सर म्हणायचे, शब्द घोकू नका, त्याला चित्र द्या; इंग्रजीतून उचला, मराठीतून उचला, पण चित्र असं पाहिजे की अंगावर आलं पाहिजे. गिफ्ट म्हणजे जर्मनमध्ये विष — झालं, रंगीत कागदात बांधलेलं उंदराचं औषध, जन्मात विसरणार नाही. किसन म्हणजे उशी. हे तर तिच्या मायनंच, चौथीत शाळा सुटलेल्या केवळाबाईनं, जुळवलं होतं — मायचा भाऊ किसन, लग्नघरात दुसऱ्याच्या डोक्याखालची उशी पळवणारा. दोघी हसून हसून बेजार झाल्या होत्या. तेव्हापासून मायला नादच लागला. रोज फोनवर विचारायची, आज कोणता शब्द?

हा शब्द मात्र तिनं मायला सांगितला नव्हता.

मागच्या रविवारी ती शिरूर अनंतपाळला घरी होती. दिवेलागणीची वेळ, माय गच्चीवर वाळत घातलेल्या मिरच्या आणायला गेलेली, आणि ही खाली ओट्याला टेकून पुटपुटत बसलेली… श्टेर… स्टेअर म्हणजे जिना… आमचा बाहेरचा जिना, अरुंद, कठडा बसवायचा तो अजून राहिलेलाच… जिन्यावरून कोण पडतंय? — आणि चित्र आलंच. मी बोलावलं नव्हतं. शप्पथ, मी नव्हतं बोलावलं. मायचं हिरवं लुगडं, उलटं पडलेलं सूप, आणि पायऱ्या-पायऱ्यांवर मिरच्या, लालच लाल. मग माय स्वतःच्या पायांनी चालत खाली आली आणि म्हणाली, तोंड का उतरलंय ग तुझं?

दिवेलागणीला घरात अभद्र बोलायचं नाही, वास्तू तथास्तु म्हणत असते — लहानपणी मायनंच तोंडावर हलकी चापट मारून शिकवलेलं. ती बोलली कुठं होती? पण नुसतं मनात आणलेलं वास्तूला ऐकू जातं का, हे कुणाला विचारायचं? सहा वर्षं नर्स म्हणून अतिदक्षता विभागात काढली, किती जणांचे डोळे ह्या हातांनी मिटले, आणि आता एका पुठ्ठ्याच्या तुकड्याला भ्यायचं. लाज वाटत होती. भीती त्याहून जास्त वाटत होती. तिनं मायला जिन्यावरून उतरवून तिथं राजशेखर सरांना उभं करून पाहिलं. सर पडले बिचारे, पण शब्द काही आला नाही. माय पडली की लगेच यायचा. चार दिवसांत किती वेळा पाडलं तिला — शंभर? ह्याला पाठांतर म्हणायचं की काय म्हणायचं…

ड्युटी संपवून ती फाटकाशी आली तेव्हा दिवे लागत होते. तिनं फोन लावला.

"माय, मिरच्या उजेड हाय तवरच आणत जा ग."

"जाऊनच राहिले की. जिन्यातच हाय." मायला धाप लागली होती. "तुझा त्यो शब्द म्हणत चढून राहिले. श्टेर्बन. रईवारी पुटपुटत व्हतीस न्हव का, म्या ऐकला. पायरीला एकदा म्हणते, रोज. लई सोपा हाय. म्हंजी काय ग पण?"

खरा अर्थ सांगायचा तर सुकन्याला तो आता, दिवेलागणीला, फोनमधून त्या घरात मराठीत उच्चारावा लागणार होता.

"वर जाणं," ती म्हणाली. जिना डोळ्यांपुढं होता म्हणून तेच तोंडातून निघालं, आणि निघाल्यावर तिनं ते ऐकलं.

माय खुदकन हसली. "मंग बरोबरच म्हणून राहिले की म्या. रोज वरच तर जाते."

घराला जर्मन येत नाही, सुकन्यानं स्वतःला बजावलं. कुठून येणार, शिरूर अनंतपाळच्या घराला? मायनं काही अभद्र म्हटलेलंच नाही… पण ते चित्र? ते कुठल्या भाषेत होतं?

"श्टेर्बन," पलीकडून आलं. चपलेचा आवाज. "श्टेर्बन. अग, तू बी म्हण की. गप का? परवा चुकशील."

फोन ठेवला असता तर माय तो बघायला जिन्यातच थांबली असती, वाकली असती, तोल… तिनं फोन कानाशी घट्ट धरला आणि म्हटलं. मायच्या पाठोपाठ, पायरीला एकदा. उच्चार अगदी बरोबर आला. परीक्षेची भीती आता उरली नव्हती. ह्या भीतीपुढं एवढीशी तर होती ती.