अकरा वर्षांचा तात्पुरता ओटा

आमचे मिस्त्री, म्हणजे माझे यजमान, कंपनीतले एक नंबरचे कारागीर आहेत. हे मुद्दाम सांगावं लागतं, कारण आमच्या घरात पाऊल टाकलं तर तसा संशयसुद्धा येत नाही. न्हाणीघराच्या दाराला कडीच्या जागी सुतळी आहे. जिन्याची तिसरी पायरी हलते, त्यामुळे कोणी गच्चीवर निघालं की आम्ही आतूनच ओरडतो, "तिसरी सोडून!" आणि स्वयंपाकघरात ओटा नाही. विटांचे तीन खांब आणि त्यांवर दोन फळ्या, हा आमचा ओटा. अकरा वर्षांपूर्वी जुना फोडला तेव्हा यांनीच तो रचला.

"तात्पुरता आहे गं," तेव्हा म्हणाले होते. "येत्या रविवारी बसवतो."

कोणता रविवार ते मी विचारलं नाही, ही माझी चूक.

फळ्यांची उंची सासूबाईंच्या मापाची. तेव्हा स्वयंपाकाची सूत्रं त्यांच्या हातात होती, आणि त्या उभ्या राहिल्या तरी बसल्यासारख्या दिसतात. पुढे त्यांचे गुडघे संपावर गेले, त्या स्वयंपाकघराच्या दारातल्या खुर्चीवर आल्या आणि फळ्यांपुढे मी आले. मी उंच. अकरा वर्षं मी कांदा चिरतानाही असा वाकून चिरते की बघणाऱ्याला वाटावं, मी त्याची माफी मागतेय.

ओट्याची लादी मात्र तेव्हापासून घरात आहे. ग्रॅनाइटची, काळी, आत निळसर ठिपके. यांनी स्वतः निवडून आणलेली. ती गोणपाटात गुंडाळून बाहेरच्या खोलीत भिंतीला टेकवून ठेवलीय. तिच्या मागे आम्ही झाडू ठेवतो.

तर कंपनी. कंपनी घरं बांधते, दुरुस्त्या करते, आणि वर्षातला एक दिवस आसपासच्या वस्तीसाठी फुकट राबते. एका वर्षी शाळेच्या भिंती रंगवल्या. एका वर्षी दवाखान्याला चाकाच्या खुर्चीसाठी उतार करून दिला. एका वर्षी बसथांब्यावर बाकं बसवली. ती इतकी भक्कम बसवली की पुढे थांबा कोपऱ्यावर हलला तरी बाकं हलेनात. आता लोक बाकांवर बसून राहतात आणि बस आली की पळतात.

यंदा मालकीणबाई म्हणाल्या, रस्त्यांचं पुष्कळ झालं, आता घरं घेऊ. ज्यांची कामं रखडलीत त्यांनी अर्ज भरून पेटीत टाकावेत. चिठ्ठ्या काढून दहा घरं निवडायची. प्रत्येक घराला एक दिवस एक कारागीर, सामान कंपनीचं, आणि हाताखाली ऑफिसातली माणसं, स्वयंसेवक म्हणून. कंपनीतल्या माणसाच्या घरच्यांनी अर्ज करू नये असा नियम कोणी केला नव्हता. मिस्त्रीच्या बायकोला मिस्त्री मागावा लागेल, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही.

मी अर्ज भरला. खोटं एक अक्षर लिहिलं नाही.

कामाचं स्वरूप: स्वयंपाकाचा ओटा.
किती काळ रखडलं आहे: अकरा वर्षं.
आधी कोणाला सांगितलं होतं का: हो. रोज.
काम न होण्याचं कारण: घरात मिस्त्री आहे.

चिठ्ठ्या कंपनीच्या आवारात काढल्या. अर्ज वाचायला हिशेबनीसबाई होत्या. फार सरळ बाई, कागदावर जे असेल ते स्वल्पविरामासकट वाचणार. सातवी चिठ्ठी माझी निघाली. त्यांनी "हो" म्हणून थोडं थांबून "रोज" म्हटलं, तेव्हा पुढच्या रांगेतल्या प्लंबरला ठसका लागला. शेवटच्या ओळीनंतर अख्खं आवार हसलं. आमचे मिस्त्री तेवढे उभे होते, हाताची घडी घालून, कान लाल.

"कंपनीच्याच माणसाच्या घरी फुकट काम कसं करायचं?" मागून कोणीतरी म्हणालं.

"का? त्या बाई वस्तीत राहत नाहीत?" मालकीणबाई म्हणाल्या. "मिस्त्री, तुमच्या घरी कोणाला पाठवू?"

"दुसऱ्या कोणाला पाठवलंत तर मी राजीनामा देईन," हे म्हणाले.

त्यानंतर तीन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. म्हणजे "चहा" आणि "टॉवेल" एवढंच बोलले. सासूबाई दोघांकडे आळीपाळीने बघत आणि खूष असत.

"चारचौघांत अब्रू काढलीस माझ्या पोराची," मला म्हणायच्या. आणि हे घरात नसले की, "कारण काय लिहिलंस गं? परत सांग."

कामाच्या दिवशी सकाळी साडेसातला हे नेहमीसारखे डबा घेऊन बाहेर पडले. बरोबर आठला दारावरची बेल वाजली. दारात हेच उभे, कंपनीचा निळा शर्ट, हातात हत्यारांची पेटी. मागे हिशेबनीसबाई, डोक्यावर हेल्मेट, हातात रिकामं घमेलं.

"नमस्कार मॅडम. कंपनीकडून आलोय. कामाची जागा कुठे?"

"अहो, हे काय?"

"बूट बाहेर काढू का, मॅडम?"

तेवीस वर्षांच्या संसारात हा प्रश्न मला पहिल्यांदा विचारला गेला. मी म्हटलं, "काढा. आणि जोडीने ठेवा."

त्यांनी जोडीने ठेवले. हे असं सूड उगवणं असेल तर रोज उगवा म्हणावं.

हिशेबनीसबाई माल कालवायला गच्चीवर पडून असलेली आमची वाळू आणायला निघाल्या, तोच सासूबाई ओरडल्या, "तिसरी सोडून!" पण त्या आधीच तिसरीवर पोचल्या होत्या. घमेलं वाजत खाली आलं. बाई कठड्याला धरून वाचल्या आणि मिस्त्रींकडे बघायला लागल्या.

"पायरीचा अर्ज आलेला नाही," मिस्त्री म्हणाले.

मग त्यांनी फळ्यांची पाहणी केली. एक फळी दाबून पाहिली, विटेवर बोट वाजवलं. "हे कोणी केलंय?"

"आमच्याकडच्या मिस्त्रींनी."

"कच्चं काम आहे."

"मी काय वेगळं म्हणतेय?"

"ओ, मिस्त्री," खुर्चीतून सासूबाई म्हणाल्या, "माझ्या मुलाला नावं ठेवायची नाहीत हं. कामापुरतं बोलायचं."

विटा-फळ्या काढून झाल्यावर त्यांनी टेप काढला. "मॅडम, ताठ उभ्या राहा. हात कोपरात दुमडा. कोपराखाली चार बोटं सोडून ओटा घेतात, म्हणजे वाकावं लागत नाही."

मी उभी राहिले. त्यांनी जमिनीपासून कोपरापर्यंत माप घेतलं आणि चार बोटं सोडून भिंतीवर पेन्सिलीने रेघ मारली. भिंतीवर जुन्या फळ्यांचाही तेलकट डाग उमटला होता. डाग रेघेच्या चांगला वीतभर खाली होता. ते डागाकडे बघत राहिले, मग रेघेकडे, मग परत डागाकडे.

"पाठ दुखत असेल," म्हणाले. हा आवाज कंपनीचा नव्हता.

"मिस्त्रींना काय करायचंय?" मी म्हटलं.

हिशेबनीसबाई एकदम घमेल्यातली वाळू निरखायला लागल्या.

दहाच्या सुमाराला आधाराच्या उभ्या लाद्या लागल्या, लेव्हल जुळली, आणि आता वरची लादी. हिशेबनीसबाईंनी विचारलं, "गाडीत कंपनीची लादी आहे, करड्या रंगाची. आणू?"

"आणा," मिस्त्री चटकन म्हणाले.

"आणू नका," मी म्हटलं. "ग्राहकाच्या घरात लादी आहे. तीच बसवायची."

ते बाहेरच्या खोलीत गेले, गोणपाट काढलं, आणि तिथेच उकिडवे बसले. मी मागे जाऊन उभी राहिले. धूळ पुसल्यावर ती अजूनही सुरेख दिसत होती, निळे ठिपके जसेच्या तसे.

"मॅडम, या लादीत आतून एक बारीक शीर गेलीय," ते माझ्याकडे न बघता म्हणाले. "इथून इथपर्यंत. उजेडात तिरकं धरलं की दिसते. कापताना तडकू शकते."

"हे तुम्हाला आत्ता दिसलं?"

"नाही. आणली त्याच रविवारी दिसलं."

"लोकांच्या घरी तडकली तर दुसरी येते. कंपनीची असते," ते सांगत राहिले. "ही एकच होती. तुला आवडली होती. तू सगळ्यांना दाखवलीस. म्हटलं, जरा हात चांगला चालत असेल त्या दिवशी कापू."

माझ्या कपाळाला आठी पडली होती ती मी तशीच धरून ठेवली, कारण ती सोडली असती तर भलतंच काहीतरी झालं असतं. अकरा वर्षं मी आळस समजत होते. रागावायची सगळी तयारी त्या हिशेबाने केलेली.

"कापा," मी म्हटलं.

"तडकली तर?"

"तर तडकली. ग्राहक सांगतोय."

त्यांनी अंगणात लादी आडवी घेतली, खाली फळ्या नीट लावल्या, पाण्याची धार धरायला हिशेबनीसबाईंना बसवलं. मशीन सुरू झालं. सासूबाईंनी खुर्ची खिडकीपाशी ओढून घ्यायला लावली. यांचा हात एवढा हळू चालताना मी कधी पाहिला नव्हता. अर्ध्याहून जास्त कापून झालं. मग मशीनच्या आवाजातूनही ऐकू आला असा एक छोटा "टक्".

मशीन बंद झालं. लादीचे दोन तुकडे पडले होते, एक मोठा, एक लहान. चीर अशी सरळ गेली होती की मुद्दाम कोणी कापली असती तर एवढी सरळ गेली नसती.

हिशेबनीसबाईंच्या हातातल्या नळीचं पाणी त्यांच्याच बुटात जात होतं.

"झालं?" खिडकीतून सासूबाई म्हणाल्या. "याला अकरा वर्षं भीत होतास होय रे? मला वाटलं, छप्पर उडेल."

मला हसू फुटलं. मग हिशेबनीसबाईंना. हे मात्र मोठा तुकडा भिंतीच्या लांबीशी ताडून बघत होते. शेगडी आणि मोरी त्यात बसत होती, पुढचा तिसरा हिस्सा रिकामा राहत होता.

"लहान तुकडा जोडता येईल," ते म्हणाले, "पण मध्ये सांधा दिसणार. मी असलं काम कोणाच्या घरी करत नाही. करडी लादी आणतो, मॅडम. अख्खी मिळेल."

मी स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहिलं. सासूबाईंची खुर्ची तिथे परत आली होती, आणि त्यात सासूबाई गप्प बसल्या होत्या. त्या गप्प बसल्या की घरात काहीतरी बंद पडल्यासारखं वाटतं. त्या लहान तुकड्याकडे बघत होत्या. मी बघतेय हे दिसल्यावर त्यांनी पदराने चष्मा पुसायला घेतला.

खरं सांगते, मी विचार केला. चांगला मिनिटभर केला. करडी लादी, एकसलग, सगळी माझ्या उंचीची. दारातून येणाऱ्या सूचना दारातच राहतील. अकरा वर्षांनी मिळणारं राज्य कोण वाटून देतं?

"मिस्त्री," मी म्हटलं, "दोन्ही एका उंचीवर ठेवले तरच सांधा दिसणार ना?"

"म्हणजे?"

"मोठा माझ्या रेघेवर बसवा. लहान खाली घ्या. आईंची कोपराची उंची घ्या, खुर्चीत बसून."

"मला काय करायचाय ओटा?" सासूबाई लगेच म्हणाल्या. "माझं वय आहे का आता?" आणि बोलता बोलता हात कोपरात दुमडून तयार.

यांनी आईचं माप घेतलं. पेन्सिल हातात असून रेघ मारायला जरा वेळ लागला.

"अरे, चार बोटं कसली सोडतोस, माझी तीनच पुरेत," सासूबाई म्हणाल्या. "आणि हा कोपरा गोल कर. मला लागेल. आणि खालून पाय आत जायला हवेत. बाई, तुम्ही माल पातळ कालवलाय."

हिशेबनीसबाईंनी मुकाट्याने सिमेंट वाढवलं.

पाचला काम संपलं. मालकीणबाई गाडीतून दहाही घरं बघत फिरत होत्या, त्या आल्या. वरचा ओटा बघितला, खालचा बघितला, हात फिरवला. "मिस्त्री, हे कोणाचं डोकं?"

"ग्राहकाचं," हे म्हणाले.

जाता जाता मालकीणबाईंनी मला हळूच सांगितलं की पुढच्या वर्षीसाठी आत्ताच चौदा अर्ज आलेत. प्लंबरच्या बायकोचा आहे, सुताराच्या आईचा आहे, आणि रंगाऱ्याच्या घरून तर दोन आलेत, वेगवेगळ्या अक्षरांत.

मिस्त्रींनी हत्यारं पुसली, बूट घातले. "उद्या सकाळपर्यंत जड काही ठेवू नका, मॅडम," म्हणाले आणि गाडीत बसून गेले. सहाला डबा घेऊन परत आले. स्वयंपाकघराच्या दारात उभे राहिले. ओट्याच्या कडेवरून एक बोट या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवलं.

"कोणी केलं गं?"

"आला होता एक जण. हात बरा होता त्याचा."

"फार बोलला का?"

"कामापुरतं. पण शेवटी सगळं बोलला."

त्यांनी मान हलवली आणि डबा घासायला स्वतः मोरीपाशी नेला. मी तो घासू दिला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी जरा लवकरच उठले, नव्या ओट्यावर पहिली भाजी आपण टाकायची म्हणून. सासूबाई आधीच तिथे. खुर्ची आत, पाय ओट्याखाली, पुढे कांद्यांचा ढीग चिरून तयार.

"उशीर केलास," म्हणाल्या.

मी माझ्या ओट्यापुढे उभी राहिले. ताठ. समोर खिडकी आहे हे मला माहीत होतं, पण तिच्यातून रस्त्यापलीकडचं झाड अख्खं दिसतं हे माहीत नव्हतं. मी आपली बघत राहिले आणि हात चालत राहिले. खालून सूचना येत होत्या, तेल कमी, आच जास्त, बघतेस कुठे. मधूनच एक हात वर यायचा आणि पातेल्यात काहीतरी पडायचं.

"मीठ मी घातलंय हं," शेवटी त्या म्हणाल्या.

मी काही बोलले नाही. मीही घातलं होतं.

मिस्त्रींनी भाजी शेवटच्या घासापर्यंत खाल्ली, मान वर न करता. मग दोन तांबे पाणी प्यायले आणि कामावर गेले.