केळव्याच्या समुद्रातला ठिपका

दर्पण चपला न काढताच आत आला, तेव्हाच काहीतरी बिनसलंय हे मेघालीला कळलं. केळवे-माहीमच्या कोळीवाड्यातला हा माणूस एरवी कामासाठी आला तरी ओटीवरूनच हाक मारायचा.

"ताई, सकाळी केळव्याला तुमचा ड्रोन उडत व्हता ना?"

"हो, धीरज गेला होता. बोईसरच्या एका जोडप्याचं लग्नाआधीचं शूटिंग होतं. का रे?"

"जानूदादा अजून आला नाय. पहाटे एकटाच होडी घेऊन गेलेला. फोन लागत नाय. पोलिसांना कळवलंय, आमच्या बोटी सातपाटीच्या अंगाला शोधतात. जाळं तिकडंच टाकलेलं ना त्यानं. पण म्हटलं, वरून काय दिसलं असंल तर..."

त्याच्यामागून जमना आली, जानूची बायको. ती आत आली नाही. पायरीवर बसली आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिली.

मेघाली कॉम्प्युटरसमोर बसली. नवरा, म्हणजे धीरज, ड्रोन घेऊन मासवणला दुसऱ्या कामावर गेला होता आणि त्याचा फोन रेंजमध्ये नव्हता. निघण्यापूर्वी सकाळचं सगळं चित्रीकरण त्यानं या मशीनवर उतरवून कार्ड मोकळं केलं होतं. म्हणजे जे काही होतं ते इथंच.

आणि हे मशीन आठवडाभर अडून बसलं होतं. लग्नसराईच्या तोंडावर घेतलेलं कोरं करकरीत मशीन! बोईसरच्या शैलेशनं जोडून दिलं तेव्हा वाऱ्यासारखं धावत होतं. आता एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये ड्रोनचा व्हिडिओ लावला की दोन पावलं चालायचं आणि थबकायचं. आत्ताही तेच झालं. पडद्यावर केळव्याची सुरूची झाडं आली, किनाऱ्याची कड आली, त्यामागं लांबवर पसरलेलं पाणी आलं आणि चित्र गोठलं. तिनं साध्या प्लेयरवर लावून पाहिलं. तिथंही तुकडे तुकडे.

"काय झालं?" दर्पणनं विचारलं.

"थांब जरा." तिनं शैलेशला फोन लावला. तो दुकानात गिऱ्हाइकाशी बोलत होता.

"मोठ्या आकाराची फाइल आहे ना ती? दाखवायचा दर्जा पावपट करा, पळेल."

पळाली. चित्र लोण्यासारखं सरकू लागलं. मेघालीनं एकामागून एक तुकडे पाहिले, दर्पण तिच्या खांद्यावरून वाकून पाहत होता. जोडपं हातात हात घालून धावतंय, ड्रोन उंच जातोय, आणि मागं समुद्र. नुसता करडा, सपाट समुद्र.

"नाही रे. काही दिसत नाही," ती म्हणाली.

दर्पणनं मान हलवली. "बरं. मग सातपाटीकडंच जातो मी पण." तो वळला. पायरीवरून जमनानं त्याच्याकडं पाहिलं.

मेघाली मात्र पडद्याकडंच पाहत राहिली. किनाऱ्याजवळ पाण्यात रोवलेले जाळ्यांचे खुंट कुठं गेले? ते तर रोज दिसतात. चित्र पळावं म्हणून आपण त्याचा कणन् कण पुसट केलाय. खुंट जिथं विरघळले तिथं लांबची होडी काय राहणार!

"दर्पण, जाऊ नकोस!" ती ओरडली. "मी म्हटलं ते खरं नाही. मला नीट दिसलंच नव्हतं."

पुन्हा शैलेश. या वेळी तिचा आवाज ऐकून तो गिऱ्हाइकाला सोडून बाजूला आला.

"माणूस हरवलाय शैलेश. मला पूर्ण दर्जात बघायचंय. मोठं करून."

"टास्क मॅनेजर उघडा. प्रोसेसर किती दाखवतोय?"

"शंभर टक्के."

"आणि ग्राफिक्स कार्ड?"

"शून्य."

"शून्य? व्हिडिओ चालू असताना? ताई, मशीन हलवलं होतं का तुम्ही?"

"आठवड्यापूर्वी टेबल खिडकीपासून आत घेतलं, वायरी काढून पुन्हा लावल्या. खारा वारा लागत होता."

"मॉनिटरची केबल मागं कुठं लावलीय? वर की खाली?"

ती टेबलाखाली शिरली. "वर."

"तिथंच घोळ आहे. खाली आडवी पट्टी आहे, ती कार्डाची. तिच्यात लावा. कार्ड नुसतं बसून आहे, सगळा भार एकट्या प्रोसेसरवर पडलाय."

केबल घट्ट बसली होती, निघेना. घामानं बोटं सरकत होती. ती निघाली तसा पडदा काळा झाला. खाली लावली. तरी काळाच. जमना दारात येऊन उभी राहिली. मग चित्र आलं. शैलेशनं सांगितल्याप्रमाणे मेघालीनं सॉफ्टवेअरच्या सेटिंगमध्ये कार्डाचं नाव निवडलं, दर्जा पूर्ण केला.

या वेळी चित्र थबकलं नाही. तिनं समुद्राचा एकेक पट्टा मोठा करून पाहायला घेतला. खुंट दिसू लागले, काडीएवढे. त्यांच्या पलीकडं एक काळा ठिपका.

"तो जाळ्याचा तरंगता बोया असंल," दर्पण म्हणाला.

तिनं नंतरचा तुकडा लावला. ठिपका खुंटांच्या डावीकडं सरकला होता.

"बोया सरकत नाय," जमना दारातूनच म्हणाली.

अजून मोठं केलं. उलटी होडी. तिच्यावर आडवं काहीतरी, आणि त्या आडव्या काहीतरीनं हात वर केला.

दर्पणचा फोन आधीच कानाला होता. "अरे, सातपाटी सोडा! वव्हटीच्या पाण्यानं खाली दक्षिणेला नेलाय त्याला! केळव्याच्या पण खाली बघा, एडवणच्या समोर!"

त्यानंतर वाट पाहण्याशिवाय हातात काही नव्हतं. मेघालीनं चहा ठेवला, तो कुणी प्यायला नाही. चित्र सकाळचं होतं, आता ऊन कलायला लागलं होतं. त्या हातात अजून बळ असेल का? फोन वाजला तेव्हा दर्पणनं नुसतं "हां, हां" केलं आणि तो जमनाकडं वळला.

"हाय," तो म्हणाला. "जिवंत हाय. होडी गेली."

जमना उठली आणि बंदराकडं चालू लागली, मागं न बघता.

दोन-चार दिवसांनी ती एकटीच आली. जानू दवाखान्यातून घरी आला होता. हाताची कातडी सोलली होती, अजून फारसं बोलत नव्हता.

"मला ते दाखव," ती म्हणाली.

मेघालीनं दाखवलं. जमना पडद्याजवळ वाकली. हात वर झाला, खाली पडला, पुन्हा वर झाला. अलीकडं किनाऱ्यावर जोडपं हसत होतं.

"बस. पुसून टाक. पोरांच्या मोबाइलवर यायला नको हे."

त्या जोडप्याला सगळ्यात आवडलेला तुकडा तोच होता. मेघालीनं तो पुसला, आणि त्यांना काय सांगायचं याचा विचार करत जमनाला दारापर्यंत पोचवायला उठली.