साहेबांचा पांढरा रुमाल

साहेब, तुम्ही माझी सीट उचललीत, आत पांढरा रुमाल फिरवलात, रुमाल पांढराच राहिला म्हणून कार्डावर शिक्का मारलात आणि चहा गार होतोय म्हणून चौकीत जाऊन बसलात. त्या शिक्क्याखाली एक माणूस गेला. हे मी आडून सांगत नाही, तोंडावर सांगते. तुम्ही ऐकाल याची खात्री नाही, म्हणून पोरांनाही सांगते. पोरं लक्षात ठेवतात.

मित्रांनो, मी एक जुनी जलस्कूटर आहे. पाण्यावर पळणारी दुचाकीच समजा, फक्त चाकं नसलेली. सीट उचलली की खाली इंजिन, आणि इंजिनाखाली माझं पोट. साच्यातून निघाले तेव्हा मी लालभडक होते. पहिली काही वर्षं हौशी लोकांनी मला उन्हाळ्यात उधळलं आणि हिवाळ्यात उघड्यावर टाकलं. एकाने तर माझ्यावर कबुतरं पाळली. मग विकत विकत, उतरत उतरत मी या बंधाऱ्याच्या तळ्यावर आले, बचाव चौकीत. तोवर माझा रंग विटून काळपट झाला होता. दिवसभर नाक तेवढं पाण्यावर ठेवून डुंबत असे, म्हणून चौकीवाले मला म्हैस म्हणायचे. मला राग नव्हता. म्हैस कामाची असते.

मला चालवायचा तो जीवरक्षक. त्याचं खरं नाव हजेरीच्या वहीत होतं आणि ते तिथंच राहिलं. सगळे त्याला बेडूक म्हणत. सहा वर्षांत आम्ही दोघांनी एकोणीस माणसं पाण्याबाहेर काढली. एकदा पेपरात त्याचा फोटो आला. त्यात माझं फक्त हँडल आलं होतं. पण त्याने ते कात्रण चौकीच्या भिंतीवर चिकटवलं आणि हँडलाशी बाण काढून लिहिलं, ‘म्हैस’. माझ्या आयुष्यात माझं एवढंच कौतुक झालं. मला ते पुरलं.

बेडकाची थोरली बहीण अक्का. धक्क्यामागच्या गल्लीत तिचं गॅरेज होतं. वडिलांच्या हाताखाली शिकली आणि वडील गेल्यावर त्यांचीच हत्यारं घेऊन बसली. आई आधीच गेलेली, त्यामुळे बेडकाला वाढवलं तिनेच. दुपारी त्याचा डबा घेऊन यायची, आणि तो जेवेपर्यंत माझी सीट उचलून आत डोकं घालायची. त्याची काळजी तोंडाने करायची तिला सवय नव्हती. ती माझी काळजी करायची, म्हणजे त्याची झाली.

माझ्या पोटात साचलेलं पाणी बाहेर फेकायला एक छोटा पंप आहे. एके दिवशी त्या पाण्याबरोबर तेल आलं आणि तळ्यावर सात रंग पसरले. काठावरची पोरं टाळ्या पिटायला लागली. बेडूकही हसला. अक्काने ते रंग पाहिले आणि डबा खाली ठेवला.

“हसतोस काय?” ती म्हणाली. “रक्त आहे ते तिचं.”

मित्रांनो, तेलाची गळती शोधणं म्हणजे चोर पकडणं. तेल जिथं दिसतं तिथून ते आलेलं नसतं. वर कुठंतरी सुटतं, गरम इंजिनावरून ओघळतं, मी नाक वर करून पळाले की मागे सरकतं आणि शेवटी पोटात जाऊन पाण्यात मिसळतं. म्हणून अक्काने आधी माझं इंजिन आतून बाहेरून धुतलं, खडखडीत वाळवलं, आणि मग घरून अंगाला लावायच्या पावडरचा डबा आणून सगळ्या इंजिनावर पांढरा थर दिला. तेल सुटलं की पावडरीवर ओली रेघ उमटणार, आणि रेघेवरून उलटं चढत गेलं की चोराचं घर सापडणार.

बेडूक म्हणाला, “अक्का, म्हशीला लग्नाला नेतेस की काय?”

“तुला कोण मुलगी देत नाही,” अक्का म्हणाली, “निदान हिचं तरी जमू दे.”

धक्क्याला बांधून मला दहा मिनिटं चालवलं, तर पावडर कोरडीच. अक्का म्हणाली, ही म्हातारी बसल्या जागी गळत नाही, पळताना गळते. म्हणजे रोजच्या फेऱ्यांमध्येच बघावं लागणार. तिने सगळ्यांना बजावलं, काही दिवस कुणी आत कापड लावायचं नाही, लावेल त्याचा हात मोडेन. फेरी झाली की ती टॉर्च आणि छोटा आरसा घेऊन यायची. पहिल्या दिवशी तेल भरायचं झाकण संशयातून सुटलं, तिथं कोरडं होतं. दुसऱ्या दिवशी फिल्टर निर्दोष ठरला. तिसऱ्या दिवशी इंजिनाच्या मागच्या बाजूला बोटभर ओली रेघ दिसली. ती रेघ तेल गार करणाऱ्या डब्याच्या मागून येत होती. तिथं आरसा पोचत नव्हता. अक्का म्हणाली, रेघ कुठून सुटते ते आणखी एक दिवस बघते आणि परवा डबा खोलते. अर्ध्या दिवसाचं काम.

आणि त्याच दिवशी निरोप आला की उद्या साहेब तपासणीला येणार.

साहेबांची तपासणी म्हणजे रुमाल. तळ्यावरच्या सगळ्यांना ते पाठ होतं. साहेब इंजिन चालू करायला सांगत नाहीत, तेल मोजायची काडी बघत नाहीत, काही विचारत नाहीत. खिशातून इस्त्रीचा पांढरा रुमाल काढतात, आत फिरवतात. रुमाल काळा झाला की यंत्र नापास. त्यामुळे वर्षानुवर्षं तपासणीच्या आदल्या दिवशी सगळी चौकी पुसापुशीला लागायची. आजार राहू दे, डाग जाऊ दे.

मी नापास झाले असते तर दुसरी गाडी नव्हती. सुट्ट्यांचे दिवस होते, तळ्यावर माणसांची रीघ होती. चौकीचा मुकादम बेडकाला म्हणाला, म्हैस गेली तर तू काय शिट्टी वाजवून माणसं काढणार? बेडकाला ते पटलं. त्याने स्वतःच्या हाताने मला धुतलं. पावडर गेली, रेघ गेली, तीन दिवसांचा माग गेला. पुसताना तो माझ्याशी बोलत होता, एवढं एक दिवस सांभाळ म्हणत होता. त्याची चूक होती, मित्रांनो, मी ती लपवणार नाही. पण ती चूक त्याला कुणी शिकवली?

सकाळी अक्का आली, तेव्हा मी आतून नव्या भांड्यासारखी चकाकत होते. ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं.

“चोर सापडत आला होता,” ती म्हणाली. “तू त्याची पावलं पुसलीस.”

“अक्का, साहेब गेले की पुन्हा पावडर मार. तीन दिवसांचा तर प्रश्न आहे.”

साहेब आले. रुमाल फिरला. पांढराच राहिला. शिक्का बसला. अक्का पुढं होऊन म्हणाली की साहेब, हिचं तेल गळतंय. तेव्हा साहेब, तुम्ही तो रुमाल तिच्यासमोर धरलात आणि म्हणालात, “बाई, कुठाय तेल? दाखवा.” सगळे हसले. तुम्हाला खूश ठेवायला हसले, पण हसले.

दुसऱ्या दिवशी अक्का पावडरचा डबा आणि पाने घेऊन आली, तर मुकादमाने तिला अडवलं. पास झालेल्या गाडीचं इंजिन खोलायला वरून परवानगी लागते, असा नियम निघाला. नापास गाडी खोलता येत नाही कारण ती जमा होते, आणि पास गाडी खोलता येत नाही कारण ती पास असते. आता खोलायची कधी, ते तुम्हीच सांगा. अक्काने अर्ज लिहिला. त्यात रेघ कुठं दिसली तेही लिहिलं, चित्र काढून. तीनदा ती तुमच्या कार्यालयात गेली. तिन्ही वेळा बाहेरच्या शिपायाने तेच सांगितलं, अर्ज टेबलावर आहे.

अकरा दिवस तो टेबलावर होता. अकरा दिवस बेडूक रोज सकाळी काडी बुडवून बघत होता आणि कमी झालेलं तेल भरत होता. मी रोज थोडं जास्त गळत होते.

बाराव्या दिवशी तळ्यावर वारा सुटला. सकाळीच आम्ही पलीकडच्या काठावर अडकून पडलेल्या दोन पोरांना आणलं. परत येतो तोच ओरडा झाला की बंधाऱ्याच्या अंगाला एक होडी उलटली. काडी बघायला वेळ नव्हता. होडीपाशी एक बाप आणि त्याची लहान लेक होती. बेडकाने लेकीला उचललं, स्वतःचं लाइफ जॅकेट तिला चढवलं, मग बापाला वर ओढलं. मी वळले आणि माझा तेलाचा लाल दिवा लागला. मला कळलं. त्यालाही कळलं. आत लोखंडावर लोखंड घासलं, एक ठोका बसला आणि मी थांबले. माझं इंजिन जागीच जाम झालं.

वारा आम्हाला बंधाऱ्याच्या पाणी सोडायच्या उघड्या दरवाजाकडे ढकलत होता. बेडकाने दोर काढला, एक टोक माझ्या नाकाच्या कडीला बांधलं, दुसरं स्वतःच्या कमरेला, आणि पाण्यात उतरला. बापाला एवढंच म्हणाला, “पोरीला धरून बसा. म्हैस बुडत नाही.”

त्याने मला ओढलं. तिघांचं वजन, समोरून वारा, अंगात जॅकेट नाही. मी त्याला सहा वर्षं पाठीवर घेतलं होतं. त्या दिवशी पहिल्यांदा त्याने मला नेलं. दरवाजाची ओढ सुटली, काठ जवळ आला, काठावरची माणसं दिसायला लागली. तेव्हा दोर सैल पडला. मग सरळ खाली गेला.

बापाने दोर ओढला. बेडूक वर आला. त्याचा श्वास वर आला नाही.

काठावरच्या माणसांनी आम्हाला ओढून घेतलं. ती दोघं जगली. एकवीस झाले.

चौकशी झाली. अहवालात लिहिलं की यंत्र तपासणीत निर्दोष आढळलं होतं, सबब अनधिकृत मिस्त्रीने वारंवार इंजिन हाताळल्याने बिघाड झाला असावा. अनधिकृत मिस्त्री म्हणजे अक्का. मला चौकीमागे फुटक्या होड्यांच्या ढिगावर टाकलं. आता मला कुणी पुसत नाही.

काही दिवसांनी अक्का आली. परवानगी मागितली नाही. इंजिन फिरत नव्हतं, म्हणून तिने दुसरी रीत काढली. सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपाने इंजिनात थोडी हवा भरली, आणि बाहेरून साबणाचं पाणी लावलं. तेल गार करणाऱ्या डब्यामागून बुडबुडे आले. तिने तो डबा सोडवला. मागे एक रबरी रिंग होती, वयाने चपटी झालेली, एका बाजूला करंगळीच्या नखाएवढी चिरलेली. अक्काने ती तळहातावर घेतली. मग माझ्या नाकाची कडी धरली, दोर बांधला होता तिथं, आणि म्हणाली, “तुझी चूक नाही, म्हातारे.”

मित्रांनो, कुठं गळती दिसली तर पुसू नका. आधी वाकून बघा, ती कुठून येते. मोठी माणसं पुसा म्हणतील. तरी बघा.

आणि साहेब, ती रिंग अक्काने तुमच्या टेबलावर ठेवली आहे, तिच्या अर्जाच्या वर. रुमालाने झाकू नका. अकरा दिवसांत अर्ज वाचलात की नाही? वाचला असेल तर सही का केली नाहीत? ती तेल गळतंय हे सांगायला पुढं आली, तेव्हा तुम्ही तिच्यासमोर रुमाल कशाला धरलात? ती रोज तुमच्या दाराबाहेर बाकावर बसते, मांडीवर बेडकाचा रिकामा जेवणाचा डबा घेऊन.

उत्तर द्या. लेखी द्या. शिक्क्यासह.